नाकापेक्षा पेला जड

वहिनीचं नाक गेलं ते साध्या तापात. म्हणजे नाक होतं जागच्या जागी, सरळ, टोकाशी जरा फुगीर, थंडीत लाल होणारं. त्याला येणारा वास तेवढा गेला.

त्या हिवाळ्यात सगळं घर आळीपाळीनं आडवं झालं होतं. आधी दादा, मग त्यांचा धाकटा भाऊ, शेवटी दादांची बायको, जिला झाडून सगळे वहिनीच म्हणत. तिघंही बरी झाली. वहिनीचा ताप उतरला, घसा मोकळा झाला, पायांत बळ आलं, आणि एका सकाळी शाल गुंडाळून ती मागच्या भट्टीत गेली. दारातच थबकली. तिला वाटलं, आज कढई चढवलीच नाही.

कढई चढलेली होती. आत मोड आणून भाजलेल्या जवाचं पाणी रटरटत होतं, खिडक्यांच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या, आणि दादा शिडीवर उभे राहून कडवटपणासाठी हॉप्सच्या वेलीची वाळकी फुलं मुठीमुठीनं आत सोडत होते.

"अहो, आज वास कसा नाही कशाचाच?"

"नाक चोंदलंय तुझं," दादा वरूनच म्हणाले. "जा, पडून राहा. येईल ताळ्यावर."

नाक चोंदलेलं नव्हतं. वहिनीनं खोल श्वास घेतला. हवा सरळ आत गेली, अगदी बिनअडथळा, आणि तिच्याबरोबर काहीच आत गेलं नाही.

दादांचं बियरचं घर होतं. पुढे रस्त्याला लागून बसायचा हॉल, मागे अंगणापलीकडे भट्टी, माडीवर राहायच्या खोल्या. गावातले लोक त्या सगळ्यालाच 'भट्टी' म्हणत आणि दादांना ते खटकायचं. "भट्टी चोरांची असते. हा कारखाना आहे," असं ते बजावायचे, आणि समोरचा माणूस "बरोबर आहे, दादा" म्हणून पुन्हा भट्टीच म्हणायचा. पण भट्टी जमली होती खरी. दादा बियर बनवत, धाकटा हॉल सांभाळी, आणि वहिनी ग्लास ठरवी.

नव्या माणसाला हे ऐकून हसू यायचं. ग्लास काय ठरवायचा? हाताला येईल तो घ्यायचा आणि ओतायची. वहिनीही लग्न करून आली तेव्हा असंच समजत होती. तिच्या माहेरी साबण बनत. वडील साबणात घालायची तेलं आणि अर्क मिसळत आणि लहानपणापासून तिला समोर बसवून विचारत, "सांग, यात काय जास्त झालंय?" ती सांगायची आणि ते बरोबर निघायचं. बियरमधलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. सासरी आल्यावर एकदा दादांनी एकच बियर दोन वेगळ्या ग्लासांत तिच्यापुढे ठेवली, आणि तिनं दोन्हींचा वास घेऊन विचारलं, "ही दुसरी कुणी केली?" त्या दिवसापासून दादांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. त्यांचं नाक तसंही पाइपच्या तंबाखूनं बोथट झालं होतं.

मग रीतच पडली. नवी बियर तयार झाली की दादा ती मोठ्या भांड्यात घेऊन माडीवर येत. वहिनी टेबलावर कोरडे, लख्ख ग्लास मांडून बसलेली असे. साबणाचा, ओठांच्या रंगाचा, फडक्याच्या धाग्याचा मागमूस असला तर फेस बसतो, म्हणून ग्लास ती स्वतः धुवायची. प्रत्येकात थोडी थोडी ओतायची, बघायची, हुंगायची, एखादा घोट घ्यायची. हलक्या सोनेरी बियरला ती उंच निमुळता ग्लास द्यायची, कारण तिची मजा वर चढणाऱ्या बुडबुड्यांत असते. गव्हाच्या बियरला त्याहून उंच, कमरेत बारीक आणि वर फुगलेला, नाहीतर निम्मा फेस टेबलावर. रोजच्या, तहान मारायच्या बियरला जाड कानाचा मग. आणि काळ्या, जड, घोट घोट प्यायच्या बियरला बुटका, फुगीर पोटाचा, तोंड आत वळलेला पेला, म्हणजे वास पोटात गोळा होतो आणि पिणाऱ्याच्या नाकाशी एकदम येतो. ग्लास ठरल्याशिवाय बियरचं नाव ठेवायचं नाही, आणि नाव ठेवल्याशिवाय विकायची नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ रोज बसत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. ते एकदा काळी बियर मगमध्येच हवी म्हणून हटून बसले. "पिणार मी, तर ठरवणारही मीच." वहिनीनं वाद घातला नाही. एक मग आणि एक पेला, दोन्ही भरून त्यांच्यापुढे ठेवले. घड्याळवाल्यांनी मग हुंगला, पेला हुंगला, पुन्हा मग हुंगला आणि म्हणाले, "काच बदलल्यानं वेळ बदलते हे मी पहिल्यांदाच बघतोय." पुढे नवं गिऱ्हाईक आलं की ग्लासांवरचं प्रवचन तेच देत, वहिनीला तोंड उघडावं लागत नसे.

त्या नाकातून आता काही येत नव्हतं.

आठवडे गेले. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला स्वयंपाकघरात धूर दिसल्यावरच कळायचं. जेवण म्हणजे गरम, मऊ, खारट असं काहीतरी. बियर म्हणजे थंड, कडसर, जिभेला टोचणारं पाणी. दादा तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी नाकात दिवा धरून पाहिलं, टाळूकडे पाहिलं, आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "आतले तंतू दुखावलेत. कधी कधी परत येतात."

"किती दिवसांत?" दादांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"पण येतात ना?"

"कधी कधी," बाई पुन्हा म्हणाल्या, आणि दादांनी त्यातला फक्त 'येतात' एवढाच शब्द घरी आणला.

डॉक्टरबाईंनी नाकाला व्यायाम सांगितला होता. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी, चार छोट्या बाटल्या. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आणायचं. वहिनी पहिलीतल्या मुलीनं बाराखडी गिरवावी तशी हे करायची. लवंगेची बाटली नाकाशी धरून डोळे मिटायची, आणि दादा समोर खुर्ची ओढून बसायचे.

"काही?"

"नाही."

"अगदी अंधूकसुद्धा?"

"अहो, नाही."

दादांचा स्वभाव असा, की नळ गळत असला तर रात्रभर पाना घेऊन बसतील पण 'गळू दे' म्हणणार नाहीत. ते विचार करू लागले. एक दिवस त्यांनी तो विचार वहिनीपुढे मांडला. तिच्यापर्यंत वास कमी पोचतो, तर जास्त पोचवायला हवा. आणि वास पोचवायचं काम कुणाचं? ग्लासाचं. मग तिच्यासाठी असा ग्लास शोधायचा, जो इतर कुणाला लागत नाही एवढा वास एका जागी गोळा करील.

वहिनीला हे पटलं नाही, पण दादांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग दिसला होता, म्हणून ती गप्प राहिली.

दादा ग्लास आणू लागले. वाइनचे आणले, ब्रँडीचे आणले, जुन्या बाजारातून औषधवाल्याचे काचेचे पेले आणले. रोज संध्याकाळी त्यात बियर ओतून तिच्यापुढे धरायचे. धाकटा एकदा माडीवर आला, टेबलावरचं ते प्रदर्शन बघून म्हणाला, "दादा, आता कंदिलाची काच तेवढी राहिली." दुसऱ्या दिवशी दादांनी कंदिलाची काच खालून बूच लावून खरोखरच आणली. धाकट्यानं कपाळावर हात मारला.

शेवटी ते शहराबाहेरच्या काचवाल्याकडे गेले आणि एक पेला मुद्दाम फुंकवून घेतला. पोट कलिंगडाएवढं, मान मुठीएवढी, आणि काठाला अशी खाच की त्यात नाक बरोबर बसावं. काच जाड झाली होती. वहिनीला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला.

"नाकापेक्षा पेला जड!" धाकटा म्हणाला, आणि तिघंही हसली. वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते थांबेना, तेव्हा दादांनी तिच्या हातातून पेला काढून घेतला.

वास परत आला तो ह्याच सुमारास, आणि तसा यायला नको होता.

एका सकाळी वहिनीनं कॉफीचा कप तोंडाशी नेला आणि तिच्या नाकात काहीतरी शिरलं. तिनं कप आणखी जवळ घेतला, आणि पुढच्या क्षणी मोरीकडे धावली. कुजलं होतं काहीतरी. जळकं रबर आणि उन्हात पडलेलं मेलेलं जनावर, दोन्ही एकदम. तिनं कॉफी ओतून दिली, डबा बघितला, डबा ताजा होता. दुपारी कांदा परतताना तोच वास आला. मग पावाला. मग साबणाला, तिच्या माहेरच्या साबणाला. मग बियरला, प्रत्येक ग्लासातून, प्रत्येक बियरला, तोच.

ती एकटीच डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी ऐकून घेतलं. "तुटलेले तंतू चुकीच्या जागी जुळतायत. तारा उलट्या लागल्यासारखं. कधी कधी सुधारतं."

"आणि कधी कधी?"

"कधी कधी तसंच राहतं."

घरी आल्यावर दादांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?" आणि वहिनी म्हणाली, "अहो, काहीतरी यायला लागलंय." पुढचं तिला सांगायचं होतं. पण दादांनी तिला तिथल्या तिथे मिठीत घेतलं, अगदी लग्न नवं असताना घेत तसं, आणि तिचं तोंड त्यांच्या मानेशी दाबलं गेलं. त्या मानेचा वास तिला माहीत होता. भाजलेलं जव, पाइपची तंबाखू आणि खाली दादांचा स्वतःचा, ज्याला नाव नव्हतं. आजारपणानंतर ती कितीदा तरी रात्री त्या मानेशी नाक लावून पडली होती आणि काही आलं नव्हतं. आज आलं. कुजकं, जळकं.

वहिनीनं श्वास रोखून धरला आणि दादांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या संध्याकाळी दादांनी गव्हाची बियर काढली आणि तो मोठा पेला तिच्यापुढे आणला. खुर्चीवर न बसता ते जमिनीवरच उकिडवे बसले. त्यांचे केस त्या वर्षात कानांवर पांढरे झाले होते. इतक्या महिन्यांत त्यांनी एकही नवी बियर केली नव्हती. कुणाला चाखायला द्यायची?

"सावकाश. घाई नको करूस."

वहिनीनं खाचेत नाक ठेवलं. आत मेलेलं जनावर होतं. तिनं डोळे उघडले तर समोर दादा, तोंड किंचित उघडं, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

"लवंग," वहिनी म्हणाली.

दादा हलले नाहीत.

"लवंग. आणि मागून पिकलेलं केळं."

दादांच्या गव्हाच्या बियरला नेहमीच आधी लवंगेचा आणि मागून केळ्याचा वास येई. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. दादांनी डोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि ते हमसून हमसून रडले. मग उठले, जिना धडधडत खाली गेले आणि हॉलमधून त्यांचा आवाज वर आला, "आलं रे! तुमच्या वहिनीचं नाक परत आलं!" खुर्च्या सरकल्या, टाळ्या वाजल्या, घड्याळवाल्यांनी कुणाला तरी प्रवचन सुरू केलं. वहिनी पेला तसाच मांडीवर धरून बसून राहिली.

एकदा बोललं की निभवावं लागतं. वहिनीनं ते निभावलं, आणि चांगलं निभावलं. फेस किती वेळ टिकतो, काचेला कसा चिकटतो, रंग उजेडात कुठे तांबूस होतो, घोट जिभेवर पातळ आहे की दाट, एवढ्यावरून ती ग्लास ठरवू लागली, आणि सगळे नेहमीसारखे बरोबर ठरले. वासाचं ती पाठ असलेलं सांगायची. जेवताना तोंडानं श्वास घ्यायची. रात्री कूस बदलून झोपायची, आणि दादांना वाटायचं दमली आहे.

दादा सुटल्यासारखे कामाला लागले. एक बियर त्यांनी आयुष्यभर मनात ठेवली होती. तांबूस काळी, जड, लाकडी पिंपांत वर्षभर मुरवलेली. "ही जमली की मी रिकामा," ते म्हणायचे. जुनी पिंपं आणली, वाफ देऊन धुतली, भरली, तळघरात रचली. अधूनमधून ते वहिनीला तळघरात नेत, पिंपाची खुंटी काढून पेल्यात थोडी घेत आणि तिच्यापुढे धरत.

"मनुका," ती म्हणायची. "जुनं लाकूड. जरासा मध." दादांच्या मनात काय आहे ते तिला माहीत होतं, ती तेच त्यांना परत द्यायची.

हिवाळा जवळ आला तसा एकदा दादांनी स्वतः पेला हुंगला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "मला जरा आंबूस वाटतं गं."

खरंच आंबूस असेल का? वहिनीनं पुन्हा नाक घातलं. कुजकं होतं. पण कुजकं तर तिच्या उशीलाही येत होतं.

"लाकडाचं असेल," ती म्हणाली. "बसेल खाली."

"तू म्हणतेस तर असेल," दादा म्हणाले, आणि त्यांची आठी गेली. वहिनीनं ती जाताना पाहिली. दादांना विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर तिचं नाक आलं आहे की नाही हाही प्रश्न आला असता.

पिंपं उघडायचा दिवस ठरला. दुपारी जेवणानंतर लोकांना बोलावलं. रोजचे होतेच, शिवाय दादांची बियर घेणारे हॉटेलवाले होते, काही लांबून आले होते. हॉल गच्च भरला. ग्लास वहिनीनं ठरवले होते. ट्युलिप, फुलाच्या आकाराचे, पोटाशी गोल, मानेत आवळलेले आणि काठ बाहेर वळलेले. जड, मुरलेल्या, सुवासिक बियरला हाच ग्लास. यात काही लपत नाही.

आत ओतताना धाकटा थांबला. त्यानं ग्लास नाकाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला.

"वहिनी, जरा बघता का? मला तर काहीतरी... ओलं पोतेरं कोपऱ्यात राहिल्यासारखं वाटतंय."

वहिनीनं ग्लास घेतला आणि हुंगण्यासारखं केलं. बाहेर दादा कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते. तिला म्हणता आलं असतं, भावजी, आज नको, थांबू या. पण का थांबायचं हे विचारल्यावर काय सांगणार होती?

"भावजी, तुमचं नाक कधीपासून चालायला लागलं?"

तो हसला. त्यांच्यातली जुनी थट्टा होती ती. पण ट्रे उचलताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं.

दादा दोनच वाक्यं बोलले. बोलणं त्यांचं काम नव्हतं. "बरीच वर्षं मनात होती. आज घ्या." सगळ्यांनी ग्लास उचलले. आणि सगळ्यांनी, वहिनीनं इतकी वर्षं शिकवलं होतं तसं, पिण्याआधी नाक आत घातलं.

ग्लास ओठांपर्यंत गेलेच नाहीत.

एका हॉटेलवाल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला आणि मग, कुणाला दिसू नये म्हणून, ओठ पुसल्यासारखं केलं. मागून कुणीतरी दबक्या आवाजात "ओकारीचा वास येतोय" म्हणालं, आणि कुणीतरी फसकन हसलं. मगमध्ये दिली असती तर निम्म्यांनी गटागटा पिऊन टाकली असती. गार होती, गोडसर होती. पण वहिनीनं वास नाकापर्यंत आणून सोडणारा ग्लास निवडला होता, आणि तो आपलं काम चोख करत होता.

घड्याळवाले उठून तिच्याजवळ आले. त्यांचा ग्लास भरलेलाच होता. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "याला काहीतरी झालंय हो. तुम्ही... तुम्हाला नाही आलं?"

दादांनी ते ऐकलं. त्यांनी आपला ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग वहिनीकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होती.

दादांनी ग्लास तोंडाला लावला आणि उभ्यानं शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. "मला तर बरी लागली," ते म्हणाले. मग शेजारच्या टेबलावरचा कुणाचा तरी भरलेला ग्लास उचलून तोही पिऊ लागले. धाकट्यानं येऊन त्यांचं मनगट धरलं.

"दादा, पुरे."

संध्याकाळपर्यंत हॉल रिकामा झाला. टेबलांवर भरलेले ग्लास तसेच उभे होते. वहिनी ते गोळा करून मोरीत ओतत होती, दादा शेजारी उभे राहून धुतलेले पुसत होते.

"कधीपासून येत नाही?" दादांनी विचारलं.

"आलाच नव्हता."

"लवंग म्हणालीस."

"तुमच्या गव्हाच्या बियरला लवंगेचाच येतो. मला पाठ आहे."

दादांनी एक ग्लास पुसून ठेवला. "मला सांगायचंस."

"सांगत होते ना! किती महिने रोज सांगत होते, नाही येत, नाही येत. तुम्ही रोज नवा ग्लास घेऊन उभे. 'नाही' म्हणायला जागा कुठे ठेवली होती तुम्ही मला?"

तिनं आणखी दोन ग्लास ओतले.

"मग काहीतरी यायला लागलंय म्हणालीस, तेही खोटं?"

"ते खरं होतं."

"कशाचा येतो?"

"सगळ्याचा एकच. कुजलेल्याचा. कॉफीचा, पावाचा, साबणाचा, सगळ्याचा."

दादांचा हात ग्लासात तसाच राहिला. "आणि माझा?"

खोटं बोलायला वहिनी एव्हाना चांगली तयार झाली होती. पण त्या दिवशी तिच्यात तेवढी शक्ती उरली नव्हती.

"तुमचाही," ती म्हणाली.

दादांनी मान हलवली. फडकं झटकून दांडीवर वाळत घातलं, कडा जुळवून, नेहमी घालत तसं. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले आणि माडीवर गेले.

पिंपं गटारात ओतली. गल्लीतले लोक सांगत की तो वास कितीतरी दिवस जात नव्हता. वहिनीला फरक कळला नाही. पिंपांतले जंतू नळ्यांतून टाक्यांत गेले होते. दादांनी सगळं उकळत्या पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, नळ्या बदलल्या. पुढची बियर आंबली, त्याच्या पुढचीही. हॉटेलवाल्यांनी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. ते वाईट बोलले नाहीत, नुसते यायचे बंद झाले. एका सकाळी दादांनी कढई चढवली नाही आणि दुसऱ्या दिवशीही चढवली नाही. मग धाकट्यानं हॉलमध्ये एका मोठ्या कंपनीची बाटलीतली बियर ठेवायला सुरुवात केली. कंपनीनं ग्लासही दिले, सगळे एकसारखे, सरळ, वर कंपनीचं चित्र. घड्याळवाले काही दिवस आले, त्या ग्लासातून प्यायले, आणि मग त्यांचे गुडघे दुखू लागले म्हणून येईनासे झाले.

दादा त्याच कंपनीत बाटल्या भरायच्या यंत्रावर देखरेखीला लागले. तिथे नाकाचं काही काम नव्हतं.

पाइप त्यांनी सोडला. घरी आले की आधी आंघोळ करायचे, जेवायच्या आधी पुन्हा एकदा. कपडे माडीवर न आणता खालीच ठेवायचे. काही न बोलता त्यांनी अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलं. वहिनी एकदा त्यांच्यामागे तिथे गेली.

"अहो, तुमच्यात काही नाहीये. बिघाड माझ्या नाकात आहे."

"माहीत आहे मला."

"मग इकडे का?"

"तुला झोप लागावी म्हणून." ते खरंच तिच्या झोपेसाठी म्हणत होते. रागाचा मागमूस नव्हता आवाजात. राग असता तर तिला काहीतरी करता आलं असतं.

डॉक्टरबाईंनी शेवटच्या भेटीत सांगून टाकलं की आता फारसं बदलेल असं वाटत नाही. चार बाटल्या तरी चालू ठेवा म्हणाल्या. वहिनीनं काही दिवस ठेवल्या.

नंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी दोघं जेवायला बसली होती. सुट्टीचा दिवस होता. दादा नेहमीसारखे टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, आणि खिडकी त्यांनी सताड उघडी ठेवली होती. बाहेरून गार वारा येत होता. त्यांच्या ओल्या केसांतून थंडी मानेवर उतरत असावी, कारण ते खांदे आवळून जेवत होते.

"लावा ना ती खिडकी," वहिनी म्हणाली. "गारठलात."

"असू दे. तुला बरं वाटतं."

वहिनीनं घास घेतला आणि श्वास न घेता गिळला. दादांनी आपली खुर्ची आणखी जरा खिडकीकडे सरकवली.